फिल्टर लावला की पट्टे बिघडतात, तेव्हा (एक्सेल: माझा अनुभव)

एकाआड एक ओळ रंगवायची म्हटलं की जो तो एकच सूत्र सांगतो: =मॉड(रो(),२)=०, म्हणजे ओळ क्रमांक सम असला की रंग. होम, कंडिशनल फॉरमॅटिंग, न्यू रूल, यादीतला शेवटचा फॉर्म्युलावाला पर्याय, फिकट रंग, ओके. झालं! पुढचं कोणी सांगत नाही, आणि माझी चिडचिड त्यावरच आहे.

सोसायटीच्या मेंटेनन्सची यादी घ्या. ‘बाकी’वर फिल्टर लावला आणि ४, ८, १० आणि १३ या ओळी उरल्या. ‘रो’ मूळ ओळ क्रमांकच देतो, त्यामुळे पहिल्या तिन्ही सम ओळी सलग रंगतात आणि १३ पांढरी राहते. पट्टे गेले, नुसता ठोकळा उरला. थकबाकीची यादी छापायची असते ती नेमकी फिल्टर लावूनच, म्हणजे पट्टे हवेत तेव्हाच ते नसतात.

तिथे हे सूत्र लागतं: =मॉड(सबटोटल(१०३,$ए$२:$ए२),२)=०. (टाइप करताना अक्षरं-आकडे इंग्रजीच.) १०३ म्हणजे फक्त दिसणाऱ्या, भरलेल्या सेलची मोजणी. ओळ ४ ला १ येतो, ८ ला २, १० ला ३, १३ ला ४. पट्टे पुन्हा जागेवर. दुसऱ्या ए२ मधल्या २ च्या आधी डॉलर नको, नाहीतर मोजणी पुढे सरकतच नाही. ए कॉलममध्ये एकही सेल रिकामा नको. तिथे मोजणी वाढत नाही आणि लागोपाठ दोन ओळी एकाच रंगाच्या होतात. म्हणून मी फ्लॅट नंबरचा कॉलम धरतो, शेऱ्याचा कधीच नाही.

सिलेक्शन ए२ पासून खाली करा. खालून वर ओढलंत तर ॲक्टिव्ह सेल तळाचा राहतो आणि सूत्र त्याच्या हिशेबाने लागतं. नेम बॉक्समध्ये (वर डावीकडचा, सेलचा पत्ता दाखवणारा चौकोन) ए२ दिसतोय ना, ते आधी बघा.

आणि हो, त्या सूत्राच्या चौकटीत बाणाची की दाबली की भलताच सेल-पत्ता घुसतो. आधी एफ२ दाबा, मग बाण नीट चालतात. हे कुठे लिहिलेलंही नसतं!

ओळी कॉपी-पेस्ट केल्या की नियमाचे तुकडे पडतात. मॅनेज रूल्समध्ये एकाच नियमाच्या रांगा दिसतात. पेस्ट स्पेशलमधून फक्त व्हॅल्यूज पेस्ट करा.

यादी हजारो ओळींची असेल तर सबटोटलने फाइल जड होते. तिथे सरळ कंट्रोल-टी दाबून टेबल करा. त्याचे पट्टे फिल्टरमध्येही टिकतात. फक्त टेबलात सेल मर्ज करता येत नाहीत.