तुम्ही विचारलंत म्हणून: चित्रकार क्लोद मोने सोडून सिस्लेच का?

घरात शिरलं की भिंतीवरचं प्रिंट बघून सगळे म्हणतात, "मोने ना?" नाही हो, आल्फ्रेड सिस्ले, त्याच काळातला दुसरा चित्रकार. मग, "तसंच तर आहे की." असू दे.

१८३९ ला पॅरिसमध्येच जन्मलेला, आईबाप इंग्रज, जन्मभर सीन आणि ल्वँ नदीचे काठ रंगवले, तरी १८९९ ला मोरे गावात गेला तो ब्रिटिश कागदांवरच, फ्रेंच नागरिकत्व काही मिळालं नाही. मीही इथे पॅरिसात दर वेळी कागदांची फाइल घेऊन रांगेत उभी असते, म्हणून तो आवडतो, असं मी बरीच वर्षं सांगत आलेय. ऐकायला बरं वाटतं म्हणून. खरं कारण ते नाही.

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर, आमचं दुकान गेलं, बाबा माडीवर. "तिसऱ्या पायरीवर आहे पाणी, काळजी करू नको," म्हणाले आणि दोन दिवस फोन बंद. मी इकडे पॅरिसात, मोबाईल हातात धरून नुसती येरझारा घालतेय. तिसऱ्या दिवशी फोन लागला, आणि त्याच आठवड्यात पाहुण्यांना घेऊन ओर्से म्युझियममध्ये जावं लागलं, कारण तिकिटं आधीच काढलेली. तिथे सिस्लेचं १८७६ चं 'पोर्ट-मार्लीचा पूर' हे चित्र. डावीकडे पाण्यात उभी दारूवाल्याची इमारत, भिंतीवर पाटी, समोर होड्या आणि वर ढगांनी भरलेलं मोठं आभाळ. पाहुणी म्हणाली, "किती शांत ना!"

मी तिला भर म्युझियममध्ये नाही नाही ते बोलले. आणि सिस्लेलाही मनातल्या मनात, की बाबा रे, लोकांचे संसार बुडाले नि तुला पाण्यातलं आभाळ दिसतं? तो तेव्हा जवळच मार्लीत राहायचा, एकच नाही, त्या पुराची कितीतरी चित्रं केली त्याने. घरी जाऊन त्याच रात्री प्रिंट मागवलं. का, विचारू नका.

पुढे बाबा आले इकडे. खुर्ची ओढून चित्रासमोर बसले, बराच वेळ.

"माल वर नेला का गं याने?"

माहीत नाही, म्हटलं.

"आणि केवढ्याला गेलं हे?"

आधी १८० फ्रँक, तो मेल्यावर पुढच्याच वर्षी ४३,०००.

"हं," म्हणाले, आणि चहा मागितला.