लक्ष्मी विलास: मुंबईहून एका दिवसात, पण सोमवारी नको

बडोद्याचा लक्ष्मी विलास राजवाडा मुंबईहून एका दिवसात पाहून होतो. मुंबई सेंट्रलपासून बडोदा सुमारे 390 किलोमीटर. सकाळी सहाची वंदे भारत धरली की दहा-सव्वादहाला आपण बडोद्यात. स्टेशनवरून रिक्षाने पंधराएक मिनिटं. ही गाडी आठवड्यातून एक दिवस नसते आणि तो वार बदलतो, तेव्हा तिकीट काढताना बघून घ्या. सोमवारी राजवाडाही बंद आणि आवारातलं संग्रहालयही. शनिवार-रविवारला जोडून रजा टाकणारे नेमके इथेच फसतात.

आत शिरायची घाई करू नका. आधी बाहेरून, लांबून, सावकाश बघा. एका टोकाला राजपूत झरोके, मध्ये घुमट, पुढे गॉथिक कमानी. हा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांचाच, त्यामुळे तो पाहिलेल्यांना हात ओळखीचा वाटेल. काम 1878 मध्ये सुरू झालं, मँट 1881 मध्ये वारले आणि मद्रासेत नाव कमावलेल्या रॉबर्ट चिझम यांनी 1890 मध्ये ते पुरं केलं. सोनेरी दगड सोनगढचा, निळसर काळा पुण्याकडचा. हा काळा म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच बेसॉल्ट.

‘बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट’ हे वाक्य तुम्हाला सगळीकडे भेटेल. त्यासोबत 3,04,92,000 चौरस फूट हा आकडाही असतो. एका एकरात 43,560 चौरस फूट असतात. त्याने भागा, बरोबर 700 येतात. म्हणजे हे मूळ आवाराचे 700 एकर आहेत, इमारतीचं क्षेत्रफळ नव्हे. इतक्या देखण्या वास्तूला खोट्या आकड्याची गरजच नाही.

गायकवाड कुटुंब आजही इथे राहतं, त्यामुळे थोडाच भाग खुला आहे. ऑडिओ गाइड घ्या, नाहीतर अर्ध्या तासात बाहेर पडाल आणि काय पाहिलं ते कळणार नाही. आत फोटो काढू देत नाहीत. दरबार हॉलमध्ये सगळ्यांची मान रंगीत काचांकडे वर जाते. माझं म्हणणं, आधी खाली बघा. जमीन व्हेनिसच्या पद्धतीच्या मोझेकची आहे. नखाएवढे तुकडे बसवलेले, आणि वेलीच्या वळणावर तुकडा आणखी बारीक होतो. खिडकीकडे तोंड करून उभं राहिलं की नुसती चकाकी दिसते. पाठ खिडकीकडे केली की रंग उमटतात. राजवाड्याला दीड-दोन तास धरा.

गादी हॉलमध्ये राजा रविवर्म्यांची चित्रं आहेत आणि मराठी माणसाने इथे जरा रेंगाळायलाच हवं. तिसऱ्या सयाजीरावांनी त्यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रं करून घेतली. पुढे 1894 मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला. तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या छापील लक्ष्मी-सरस्वती आपल्या आज्यांच्या देवघरात आल्या. छाप्यात साडीची जर म्हणजे एक सपाट पिवळी पट्टी. मूळ तैलरंगात मात्र पदराच्या घडीबरोबर तीच जर कुठे उजळते, कुठे मातकट होते. समोरून वॉर्निश चमकत असेल तर दोन पावलं बाजूला सरका.

बहुतेक मंडळी राजवाडा झाला की निघतात. महाराजा फत्तेसिंह संग्रहालयाचं तिकीट वेगळं असतं आणि तेवढ्यावरून ते राहून जातं. ही चूक करू नका, कारण रविवर्म्यांचा मोठा साठा तिथेच आहे. ही इमारत मूळची राजपुत्रांची शाळा. मुलांना ने-आण करायला छोटी आगगाडीसुद्धा होती. इथे किमान सव्वा तास द्या. त्यात ‘सीता भूमिप्रवेश’ला दहा मिनिटं. पृथ्वीच्या कवेत गेलेली सीता आणि हात पुढे करून थबकलेला राम बघा.

मध्ये जेवणाऐवजी शेव-उसळ खा. मिसळीची ही बडोद्यातली बहीण. तर्री वेगळी मिळते, ती बेताने घ्या. ऑर्डर मराठीत दिली तरी पुष्कळदा चालते. परतीचं आरक्षण संध्याकाळी साडेपाचनंतरच्या गाडीचं करा आणि जातानाच्या तिकिटाबरोबरच काढून ठेवा. रविवारी संध्याकाळी मुंबईकडे येणाऱ्या गाड्यांत आयत्या वेळी जागा मिळत नाही.