काळ्या मातीतला दुसरा पावसाळा: एक्सपल्स ठेवायची की बदलायची?

ओडोमीटर 23,180. गाडी हीरोची एक्सपल्स 200 4व्ही, कच्च्या रस्त्यांसाठीची मोटरसायकल, 2022 ची. मुक्काम जळगाव.

मे महिन्यात गाडी विकायचं मी जवळजवळ पक्कं केलं होतं. आमच्या पाचजणांत एकाने रॉयल एनफील्डची हिमालयन 450 घेतली, एकाने कावासाकीची केएलएक्स 230. शहाद्याच्या मित्राकडे जुनी हिमालयन 411 आहेच. सातपुड्याच्या प्रत्येक चढावर मी सगळ्यात मागे, पुढच्यांची धूळ खात. चोपड्याचे आबा आमच्यात वयाने मोठे. त्यांच्याकडे अजून 2011 साली आलेली हीरोची इम्पल्स 150 आहे आणि तीच ते चालवतात. त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "भो, विकण्याआधी एक पावसाळा सगळ्यांच्या गाड्या चालव. त्याच रस्त्यावर, त्याच दिवशी. मग खुशाल विक."

तसंच केलं. जून ते नोव्हेंबर आम्ही जिथे गेलो तिथे गाड्यांची अदलाबदल केली. त्या वेळी लिहिलेलं इथे जरा नीट करून देतोय.

जून, दुसरा आठवडा. पाऊस यायच्या आधी.

सुरुवात वजनापासून केली. कंपनी कागदावर देते ते वजन आणि आपण क्रॅश गार्ड, कॅरिअर, हत्यारं, ट्यूब, पाणी लादून चालवतो ते वजन, यात किती फरक पडतो हे कुणीच कधी मोजलं नव्हतं. ओळखीच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हंगाम नसल्याने वजनकाटा रिकामा पडला होता. तिथे टाक्या फुल करून एकेक गाडी चढवली. माझी एक्सपल्स कागदावर 158 किलो, काट्यावर 173. हिमालयन 411 कागदावर 199, काट्यावर 224, कारण तिला दोन्ही बाजूंना लोखंडी कॅरिअर आणि जेरीकॅनचे स्टँड आहेत. 450 कागदावर 196, काट्यावर 207. केएलएक्स कागदावर 139 आणि काट्यावर 142. तिच्या मालकाने हॅन्डगार्डशिवाय काही लावलेलंच नाही.

माझ्या गाडीचे वरचे पंधरा किलो मी स्वतः विकत घेऊन चढवलेले. ते घेताना "गाडी मजबूत होते" असं वाटलं होतं.

मग जिनिंगच्या मागच्या मोकळ्या जागेत पाण्याचा टँकर ओतून चिखल केला आणि प्रत्येक गाडी आडवी करून एकट्याने उचलायची असं ठरलं. हँडल पूर्ण वळवून, सीटला पाठ लावून, पायांच्या जोरावर. केएलएक्स पहिल्या झटक्यात उभी. एक्सपल्स दुसऱ्या प्रयत्नात. 450 उचलताना पाय घसरत राहिले, तिसऱ्यांदा जमलं. 411 सामान उतरवल्याशिवाय एकालाही उचलता आली नाही. आबांची इम्पल्स आबांनीच उचलली, आमच्याकडे न बघता.

जुलै. अडावदच्या बाजूची पांदण.

ही नोंद मोठी होणार, कारण खानदेशात गाडीची खरी परीक्षा इथेच आहे. डोंगर सगळीकडे असतो. तापीकाठची काळी माती सगळीकडे नसते.

उन्हाळ्यात ही माती दगडासारखी असते, भेगा एवढ्या की त्यात हाताचा पंजा जावा. पाणी प्यायली की फुगते आणि गुळाच्या पाकासारखी धरते. पहिला चांगला पाऊस होऊन दोन दिवस झाले होते. वरून वाट सुकलेली दिसत होती. शंभर मीटर आत गेलो आणि पुढच्या टायरचे गट्टू, म्हणजे वर आलेले रबरी ठोकळे, त्यांच्यामधल्या सगळ्या फटी भरून गेल्या. नवीन बटण टायर, पण त्या क्षणी ते गुळगुळीत झालेल्या टायरसारखंच.

इथे एक गोष्ट समजली. बटण टायर स्वतःला साफ करतं ते वेगाने फिरल्यावर. माती बाहेर फेकली गेली तरच गट्टू मोकळे होतात. म्हणजे चाकाला फिरवत ठेवायची ताकद लागते. एक्सपल्सची 17.35 न्यूटन मीटर टॉर्क (चाक फिरवायचा जोर) येते 6,500 आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला तेवढे फेरे घेतं तेव्हा. दुसऱ्या गिअरमध्ये वरच्या आरपीएमला ठेवली तर चालते. जरा थ्रॉटल सोडला की चिखल जिंकतो. 450 कडे साधारण 40 बीएचपी, म्हणजे चाळीसेक घोड्यांची ताकद आहे. तिचं मागचं टायर माती अशी उडवतं की मागच्याने वीस मीटर लांब राहावं. पण ती अडली, की तीच ताकद खड्डा खणते. मालकाने घाईत थ्रॉटल दिला आणि मागचं चाक अॅक्सलपर्यंत खाली गेलं. मग आम्ही चौघं आणि 207 किलो.

माझं स्वतःचं वेगळंच झालं. मागचं चाक फिरत होतं, मी मात्र जागच्या जागी. उतरून बघितलं तर चाकाभोवती जिथे जिथे फट असते तिथे तिथे माती गच्च बसलेली. स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आणि टायरच्या मध्ये, चेनच्या गार्डात, पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या मधोमध. त्यात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचे तुकडे मिसळून विटेसारखं झालेलं. बोटं आत जाईनात. शेजारच्या शेतात निंदणी चालू होती. एक मावशी बांधावर येऊन म्हणाल्या, "भाऊ, तुनी गाडी ते गाराम्हा फसनी! कशी काढशी आते?" आणि हातातलं खुरपं पुढे केलं. त्या खुरप्याने मी वीस मिनिटं माती कापून काढली, थराथराने. तेव्हापासून टूलबॅगेत एक छोटं खुरपं कायम आहे. टायर लिव्हरपेक्षा जास्त वेळा तेच बाहेर निघालंय.

त्या दिवशी कुणाची गाडी सगळ्यात कमी वेळा अडली? आबांची इम्पल्स. 150 सीसी, तेरा घोडे. पुढचा मडगार्ड उंच, वजन हलकं, आणि आबा चाकोरी सोडून बांधाच्या कडेच्या गवतावरून जात होते. गवताची मुळं माती धरून ठेवतात. हे आम्हाला त्यांनी आधी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही म्हणून.

एक विनंती. पांदणीच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा असतात आणि ठिबकच्या नळ्या कडेलाच पसरलेल्या. चाकोरी खराब आहे म्हणून बागेतून गाडी घालू नका. नळी फुटली तर शेतकऱ्याचं नुकसान होतं, आणि पुढच्या खेपेला पांदणीच्या तोंडाशी काटेरी फांद्यांचा अडसर पडलेला दिसतो.

ऑगस्ट. तोरणमाळ.

शहाद्याहून साधारण 55 किलोमीटर. मुख्य रस्ता डांबरी आहे, पण पाड्यांकडे उतरणारे मुरमाचे फाटे आमच्या कामाचे. वर पोहोचेपर्यंत सगळं ढगात, दहा मीटर पुढचं दिसत नव्हतं. यशवंत तलाव शेजारी असून दिसला नाही.

इथे 411 ने मला गप्प केलं. तिची 32 न्यूटन मीटर टॉर्क खालीच, 4,000 ते 4,500 आरपीएमला मिळते. सुट्या दगडांच्या चढावर मित्राने पहिला गिअर टाकला, क्लच पूर्ण सोडला आणि बैल गाडी ओढतो तशी ती वर गेली. इंजिनाला घाम नाही. त्याच चढावर मी एक्सपल्स अर्ध्या क्लचवर रेटत होतो आणि वर पोहोचेपर्यंत क्लच जळल्याचा वास. नंतर मी 411 घेऊन तोच चढ केला आणि मान्य केलं: दगडात हळू चढायचं असेल तर वजन असूनही ती सोपी जाते, जोपर्यंत ती पडत नाही तोपर्यंत.

उतारावर चित्र उलटं. माझ्या गाडीला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) फक्त पुढच्या चाकाला आहे, त्यामुळे मागचं चाक हवं तेव्हा लॉक करून वळणात फिरवता येतं. दोन्ही हिमालयनना मागचं एबीएस बटणाने बंद करता येतं, पण करायची आठवण ठेवावी लागते. 450 चा मालक एकदा विसरला आणि मुरमावर ब्रेक दाबूनही गाडी थांबेना. सुदैवाने पुढे मोकळं होतं.

केएलएक्स चालवायला मिळाली तीही इथेच. काय सांगू! उभं राहून चालवली की गाडी पायाखाली आहे असं वाटतच नाही. हातात सायकल असावी तसा पुढचा भाग उचलला जातो. ताकद जवळपास माझ्याच गाडीएवढी, 18 घोडे, तरी पंधरा मिनिटांत मी दुप्पट चांगला चालवतोय असं वाटायला लागलं. पण टाकी 7.6 लिटरची. धडगाव, मोलगीच्या पुढे पंप शोधत फिरणाऱ्याला हे परवडत नाही, आणि आम्ही तिच्यासाठी 411 च्या स्टँडवरून पाच लिटरचा कॅन वाहून नेला. म्हणजे तिचं हलकेपण थोडंसं दुसऱ्याच्या पाठीवर होतं.

सप्टेंबर.

दोन गोष्टी. पहिली, वेड्या बाभळीचा काटा. मागच्या टायरचा गट्टू चुकवून बरोबर मधल्या पातळ जागेतून आत. माझ्याकडे फक्त पुढची 21 इंची ट्यूब होती. ती मागच्या 18 इंची टायरमध्ये घडी पडू न देता, थोडी हवा भरून बसवली आणि हळूहळू घरी आलो. अडचणीत चालतं, रोजचं नाही. पण एकच ट्यूब नेणार असाल तर 21 ची न्या, उलटं करता येत नाही.

दुसरी गोष्ट मनाला लागली. बाहेरून बसवलेल्या बॅश प्लेटचा एक बोल्ट दगडावर आदळून तुटला आणि प्लेट लोंबकळत राहिली. बोल्ट हातात घेतला तर आतून गंजलेला. इंजिन वाचावं म्हणून लावलेली वस्तू, आणि तिचा बोल्ट आपण कधी बघितलाच नव्हता. आता दर महिन्याला सगळे बोल्ट काढून, ग्रीस लावून परत बसवतो. चेनलाही चिखलानंतर रॉकेलने धुऊन 90 नंबरचं गिअर ऑइल. एवढंच.

नोव्हेंबर. गिरणा नदीची वाळू.

पात्र उघडं पडल्यावर गेलो. मागच्या टायरची हवा 20 पीएसआयवर आणली, वजन मागे, नजर लांब. वाळूत सगळ्यांचं अंतर मिटतं, कारण इथे गाडीपेक्षा माणूस घाबरतो आणि थ्रॉटल सोडतो. सोडला की पुढचं चाक रुततं. 450 इथे सगळ्यात देखणी चालली, सरळ आणि निवांत. आबा इथे दमले. इम्पल्सला वाळूत दम लागतो हे त्यांनीच हसत सांगितलं. उपशाचे खोल खड्डे मात्र भयंकर आहेत, वरून दिसत नाहीत. आधी पायी फिरून या, मगच गाडी घाला.

हिशेब.

सगळ्या नोंदी समोर ठेवल्या तेव्हा दिसलं की ज्या ज्या दिवशी मी मागे राहिलो, त्यांतले निम्मे दिवस गाडीमुळे नव्हते. काळ्या मातीत मी वाट चुकीची निवडली. वाळूत घाबरलो. खरी उणीव एकच, तोरणमाळच्या दगडात खालची ताकद. त्यावर उपाय आहे. मागचं स्प्रॉकेट दोन दात मोठं बसवलं. साधारण पाच टक्के फरक, पण पहिल्या गिअरमध्ये क्लचला हात कमी जातो. बदल्यात धुळ्याच्या हायवेवर ऐंशीच्या पुढे इंजिन कुरकुरतं. हायवेवर मी घाईत नसतोच.

आणि वजन. क्रॅश गार्ड उतरवला, फक्त हॅन्डगार्ड आणि बॅश प्लेट ठेवली. मोठं कॅरिअर काढून मागे कापडी बॅग बांधली. चार पाने (स्पॅनर), दोन टायर लिव्हर, 21 ची ट्यूब, हातपंप, खुरपं. जिनिंगचा काटा आता हंगामात बिझी, तरी दुपारच्या जेवणाच्या वेळी दोन मिनिटं मिळाली. 163.

विकायची जाहिरात काढून टाकली आहे. केएलएक्सच्या मालकाला मी स्पष्ट सांगितलंय की त्याने कधी विकायची म्हटली तर पहिला फोन मला. पण पैसे साठवून नवीन घ्यायची घाई आता नाही.

डाव्या फोर्कच्या सीलमधून तेल यायला लागलंय, काळ्या मातीची बारीक कणी सीलच्या कडेत अडकली असणार. या आठवड्यात दोन्ही सील बदलतो आणि फोर्कवर कापडी मोजे चढवतो. रविवारी अडावदची तीच पांदण, कोरडी. आबा म्हणालेत की बांधाच्या कडेने कसं जायचं ते यावेळी आधीच दाखवतो.