वजनदार कागद

शनिवार, रात्रीचे पावणेअकरा

दहावीच्या सराव परीक्षेचे गठ्ठे संपता संपत नाहीत. आज चौतीस पेपर झाले, सतरा उरलेत. ‘शेतकऱ्याचे मनोगत’ लिहिणारी पोरं जास्त, कारण तो निबंध गाईडात आहे. एका पेपरात पहिलंच वाक्य होतं, ‘अवर्षणाच्या दुष्टचक्राने ग्रासलेला मी एक अभागी बळीराजा आहे.’ आठापैकी सहा दिले. दिले म्हणजे हातानंच देऊन टाकले. त्याच्या पुढच्या पेपरात एका मुलीनं लिहिलं होतं, ‘सोयाबीन काढायच्या टायमाला पाऊस आला. आजोबा रात्री बॅटरी घेऊन रानात गेले आणि नुसतेच उभे राहिले. घरी आल्यावर त्यांना कुणी काही विचारलं नाही.’ तिला चार. शिवाय ‘टायमाला’खाली लाल रेघ.

चहा टाकायला उठले तेव्हा ओट्यापाशी डोक्यात आलं, की त्या पहिल्या पोरानं खाली ‘अवर्षणामुळे विहिरी तुडुंब भरल्या’ असं लिहिलंय. मी ते वाचलं होतं. वाचूनही सहा दिले.

सत्तावीस वर्षं मराठी शिकवतेय, आणि माझं असं. तशी मला ही खोड जुनीच. एम.ए. करताना ‘परिप्रेक्ष्य’ आणि ‘अनुबंध’ हे दोन शब्द आले नाहीत तर उत्तर पुरं झालंय असं वाटायचं नाही. नोकरीला लागल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांत स्टाफरूममध्ये मी एकदा ठसक्यात म्हणाले होते, “माझ्या अपरोक्ष हा निर्णय झालाच कसा?” निवृत्तीला आलेले एक सर कोपऱ्यात पान लावत बसले होते. ते काही बोलले नाहीत. मधल्या सुट्टीत एकटी गाठून हळूच म्हणाले, “बाई, परोक्ष म्हणजे डोळ्याआड. अपरोक्ष म्हणजे डोळ्यांदेखत. तुमच्या समोरच झाला असेल तर मग तक्रार काय?” कान तापले होते माझे. त्या दिवसापासून ‘माझ्या पाठीमागे’ म्हणते. आजही कुणी ‘अपरोक्ष’ उलटं वापरलं की मी दुरुस्त करत नाही. त्या सरांसारखं एकटं गाठून सांगायची कला माझ्याकडे नाही.

मुलगी मानसशास्त्र शिकते. तिनं मागे डॅनियल ओपनहायमर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या २००६ मधल्या एका शोधनिबंधाबद्दल सांगितलं होतं. गरज नसताना लांबलचक शब्द वापरले की वाचणाऱ्याला लिहिणारा कमी हुशार वाटतो, असं त्यानं प्रयोगांतून दाखवलं. एका प्रयोगात देकार्त या तत्त्वज्ञाच्या एकाच उताऱ्याची दोन भाषांतरं लोकांना वाचायला दिली होती, एक सोपं, एक बोजड. बोजड वाचणाऱ्यांचं लेखकाच्या बुद्धीबद्दलचं मत खाली आलं. म्हणजे देकार्तसुद्धा सुटला नाही! निबंधाचं शीर्षक त्यानं मुद्दाम जडजंबाल ठेवलं होतं, आणि त्याला त्या वर्षीचं इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते.

मुलगी म्हणाली, “बघ आई.” मी बघितलं. पण मला ते तेव्हाही पुरतं पटलं नव्हतं. त्याचे वाचणारे कॉलेजातले. कंटाळा आला की ‘हा उगाच लांबण लावतोय’ म्हणायची त्यांना मुभा. ज्याला कळलं नाही म्हणायचीच लाज वाटते, तो समोरच्याला मूर्ख कसा ठरवेल? तो आपल्यालाच ठरवतो. माझी आई दवाखान्यातून आली की सांगते, “लई हुशार डॉक्टर हाय, काय बोल्ला काय कळलंच नाय.” आणि ज्यानं चित्र काढून समजावलं, तो तिच्या मते ‘नवीन दिसतोय’.

या सगळ्याला कारण खरं तर मामा.

मामी मार्गशीर्षात गेली. तिच्या नावावर दीड एकर आहे, त्यावर वारस नोंद करायची. मामांनी जाधवांच्या पोराकडून छापील अर्ज आणायचं सोडून माझ्याकडे निरोप धाडला, “आमची भाची मराठीची मास्तरीण हाय, तीच लिवंल.” गेल्या महिन्यात मी रविवारची दुपार घालवून अर्ज लिहिला. कच्चा कागद अजून वहीत आहे. ‘माझी धर्मपत्नी दीर्घ आजाराने कालवश झाल्याकारणाने तदनुषंगाने तिच्या नामे असलेल्या स्थावर मिळकतीच्या अधिकार अभिलेखात कायदेशीर वारसांच्या नावांची यथायोग्य नोंद घेण्यात येऊन उपकृत करावे...’ असा दीड पान. मामांना फोनवरून वाचून दाखवला. ते मधे मधे नुसतं “हां... हां...” करत होते, कीर्तन ऐकल्यासारखं. शेवटी म्हणाले, “झकास. कागुद कसा वजनदार झाला.”

(सरकारी कागदावर ‘वजन’ ठेवण्याचा दुसरा अर्थही आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मामांना तो अभिप्रेत नव्हता.)

आठवड्यानं ते तलाठ्याकडे गेले. आता तलाठ्याला सरकारनं ‘ग्राम महसूल अधिकारी’ केलंय. गावात त्याला आधीही भाऊसाहेब म्हणत, आताही म्हणतात. मंडळ अधिकाऱ्याला तर अजून सर्कलच. भाऊसाहेबांनी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला, पुन्हा वाचला, आणि मामांच्याच फोनवरून मला फोन लावला. पोरसवदा आवाज, बोलायला नम्र. “मॅडम, कागद लई भारी लिहिलाय. फक्त गट नंबर कुठाय?”

नव्हता. गट नंबर नव्हता, मामी गेली ती तारीख नव्हती. वारसांची नावं तरी? ‘कायदेशीर वारस’ एवढंच. दीड पानात मी एवढा मजकूर घातला आणि त्याला लागणारी एकही गोष्ट घातली नाही. मामांच्या लक्षात आलं नाही, कारण त्यांना ते ऐकायला छान वाटत होतं. माझ्या लक्षात आलं नाही, कारण मलाही. भाऊसाहेबांना मी हुशार वाटले असेन का? तो म्हणाला मॅडम, पण त्या आवाजात मला त्या पानवाल्या सरांचा आवाज ऐकू आला.

सातबारा हा शब्द बघा. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, म्हणून सातबारा. नुसते दोन आकडे. निरक्षर माणसालाही कळतो, आणि तो शब्द ऐकून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात. याच्यापुढे माझा ‘अधिकार अभिलेख’ काय करणार? मामा बोजा, फेरफार, वहिवाट, पोटखराबा सहज बोलतात. यांतले ‘फेरफार’, ‘वहिवाट’ वगैरे शब्दही कधीतरी कचेरीतूनच गावात आले असतील, म्हणजे तेव्हा तेही जडच असणार. वापरून वापरून त्यांच्या कडा गेल्या. शब्द जड की हलका हे त्याच्या लांबीवर नसावं. तो माणसाच्या तोंडात किती वर्षं राहिला, त्यावर असेल.

दरवर्षी वर्गात महानुभाव पंथाच्या नागदेवाचार्यांची गोष्ट सांगते. केशिराज संस्कृतात ग्रंथ लिहायला निघाला तेव्हा त्यांनी त्याला अडवलं, नको, यानं माझ्या म्हाताऱ्या नागवतील म्हणून. नागवतील! समजणार नाही असं ते म्हणाले नाहीत, लुटल्या जातील म्हणाले. पोरांना तो शब्द फळ्यावर लिहून देते, अर्थ विचारते, मार्क देते. आणि मग घरी येऊन मामांना ‘तदनुषंगाने’ लिहून देते.

आज संध्याकाळी मामा स्वतःच आले, एसटीनं. नवा अर्ज करायला. त्यांच्यासमोरच लिहिला. गट नंबर, क्षेत्र, मृत्यूची तारीख, मृत्यूचा दाखला जोडला आहे, वारस तिघे, त्यांची नावं आणि नाती. नऊ ओळी. मामांनी कागद उलटा करून मागे काही आहे का बघितलं.

“एवढंच?”

“एवढंच लागतंय मामा.”

“आरं तिच्या मारी. भाड्याचे पैसे तरी वसूल झाले पायजेत की पोरी.”

हसलो दोघंही. मग मी वाचून दाखवला. ‘माझी पत्नी अमुक तारखेस मयत झाली’ इथवर आले तर त्यांनी हात वर केला. मयत नको म्हणाले. मी सांगितलं की कचेरीत हाच शब्द चालतो, भाऊसाहेबांनीही हाच लिहायला सांगितलाय. त्यांनी मान हलवली. मग मी म्हटलं, ‘वारली’ लिहू? ‘गेली’ लिहू? तेही नको.

“तू म्हागं काय लिवलं हुतंस? का... काल...”

“कालवश.”

“त्याचा अर्थ काय गं?”

सांगितला. थोडा वेळ गप्प बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, “बाकी सगळं तुज्या मनानं बारीक कर. तिच्यापुढं त्यो मोठा शब्द असू दे.”

लिहिला. आता त्या मुलीचा पेपर गठ्ठ्यातून परत काढला आहे. ‘टायमाला’खालची रेघ लाल पेनची, ती काही पुसली जात नाही.