जुन्नरचे दोन दिवस : तीन पिढ्यांची एक सहल

भाऊबीज आटोपली तेव्हा मुलांच्या सुट्टीचे आठ दिवस शिल्लक होते आणि आमच्या रजेचे दोनच. सत्तरी ओलांडलेल्या दोन विहिणी, म्हणजे माझी आई आणि सासूबाई, तेरा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि आम्ही दोघे अशा सहा जणांनी कुठे जावे याचा विचार सुरू झाला, तेव्हा लोणावळा आणि महाबळेश्वर ही नावे आधी बाद झाली, कारण दिवाळीच्या गर्दीत तिथे निम्मा वेळ गाडीतच जातो. शेवटी जुन्नर ठरले. पुण्यापासून सुमारे ९५ किलोमीटरवरच्या या तालुक्यात किल्ला, लेणी, घाटवाट, अष्टविनायकांपैकी दोन गणपती आणि जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक एवढे सगळे आहे, तरी बहुतेक पुणेकर लेण्याद्री आणि ओझरचे दर्शन घेऊन त्याच दिवशी परत फिरतात. मुक्काम करून, सावकाश पाहावे असे हे ठिकाण आहे आणि घरात वडीलधारी व मुले दोन्ही असतील तर ते जमते कसे, हे सांगण्यासाठी हा वृत्तांत लिहीत आहे.

आखणी करताना अंतरापेक्षा पायऱ्यांचा आणि उन्हाचा हिशेब आधी केला. शिवनेरी आणि लेण्याद्री दोन्हीकडे चढायचे आहे, त्यामुळे ती दोन्ही ठिकाणे एकाच सकाळी ओळीने करायची नाहीत, मध्ये जेवण आणि तासाभराची झोप ठेवायची, आणि गुडघ्यांना त्रास देणारे काहीही दुसऱ्या दिवशी ठेवायचे नाही, एवढे तीन नियम केले. ते पाळले म्हणून दोघीही सुखरूप आणि आनंदात परत आल्या.

कोथरूडहून पहाटे पावणेसहाला निघालो. नाशिक रस्त्याने जाणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे एवढेच आहे की भोसरी आणि चाकण सात वाजायच्या आत ओलांडावे. औद्योगिक वसाहतीच्या पाळ्या आणि मालट्रक सुरू झाले की त्या पट्ट्यात एक तास सहज जातो. पुढे राजगुरुनगर, मंचर आणि नारायणगाव हे टप्पे बाह्यवळण रस्त्यांमुळे पटकन मागे पडतात. मंचरला थांबून नाश्ता केला आणि नऊच्या सुमारास शिवनेरीच्या पायथ्याशी पोहोचलो.

गाडी पायथ्यापर्यंत जाते आणि तिथून बांधीव पायऱ्या आहेत. एकामागून एक सात दरवाजे लागतात. प्रत्येक दरवाजाच्या सावलीत पाच मिनिटे बसायचे असे ठरवल्यामुळे मुलाला तो खेळ वाटला आणि आईला दम खायला आपोआप वेळ मिळाला. सासूबाई शिवाई देवीच्या मंदिरापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. ज्या देवीवरून महाराजांचे नाव ठेवले गेले असे मानतात, तिच्यासमोर निवांत बसायला मिळाले याचेच त्यांना समाधान होते. वडीलधाऱ्यांनी माथा गाठलाच पाहिजे असा आग्रह धरू नये, वाटेत त्यांना आवडेल अशी थांबायची जागा आधी हेरून ठेवावी. आमच्यापैकी एक जण त्यांच्याजवळ थांबला आणि उतरताना आम्ही आळीपाळी केली.

माथ्यावर अंबरखाना, गंगा-जमुना ही थंड पाण्याची टाकी, कमानी मशीद, बदामी तलाव आणि उत्तर टोकाचा कडेलोट हे सगळे पाहायला दीड तास पुरतो. १९ फेब्रुवारी १६३० रोजी महाराजांचा जन्म जिथे झाला ती दुमजली इमारत साधी आहे. खालच्या खोलीत पाळणा आहे आणि तिथे गेल्यावर मोठमोठ्याने बोलणारे गटसुद्धा आपोआप गप्प होतात. मुलीला एक गोष्ट इथेच समजली आणि ती तिला फार लागली : ज्या किल्ल्यावर महाराज जन्मले, तो त्यांच्या हयातीत स्वराज्यात कधीच आला नाही. १६५७ मध्ये त्यांनी खालचे जुन्नर लुटले, पण वरचा शिवनेरी मोगलांकडेच राहिला. कडेलोटाकडे जाताना कोळी चौथरा लागतो. मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांना जिथे मारले गेले, ती ही जागा मुलांना नीट थांबून दाखवावी, घाईने ओलांडू नये.

शिवनेरीच्या कड्यांना मधमाश्यांची पोळी असतात आणि माश्या उठल्याचे प्रसंग घडलेले आहेत. तेव्हा अत्तर किंवा सुगंधी फवारा लावून जाऊ नये, गडावर धूर करू नये, मुलांना दगड भिरकावू देऊ नये. पाणी प्रत्येकी एक लिटर घ्यावे. दहानंतर ऊन चटकू लागते, म्हणून टोप्या हव्यातच.

दुपारचे जेवण जुन्नरमध्ये एका घरगुती खानावळीत घेतले आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिलेच पाहिजे. या भागाची ओळख म्हणजे मासवडी. नाव ऐकून शाकाहारी मंडळी बिचकतात, पण त्यात मासा नाही. केवळ आकार मासळीसारखा असतो. खानावळीच्या ताईंनी दोन्ही विहिणींना थेट स्वयंपाकघरात नेले. बेसन तिखट-मीठ-हळदीच्या उकळत्या पाण्यात घालून घोटून घट्ट शिजवलेले होते. ओल्या फडक्यावर ते गरम असतानाच हाताला पाणी लावून पातळ थापले, त्यावर भाजलेले सुके खोबरे, तीळ, परतलेला कांदा, लसूण आणि कोथिंबीर यांचे सारण पसरले, फडक्यासकटच वळकटी केली, वरून दाबून तिला निमुळता आकार दिला आणि निवाल्यावर सुरीने वड्या कापल्या. सासूबाई नागपूरच्या. आमच्या पाटवडीत सारण नसते, पण रश्शाची जात तीच, असे त्या म्हणाल्या आणि मग वाटणात खोबरे किती काळे भाजायचे यावर तिघींची अर्धा तास चर्चा झाली. बाजरीची भाकरी, झणझणीत रस्सा आणि वर कच्चा कांदा. मुलांसाठी रस्सा वेगळा, कमी तिखट मागून घ्यावा; आधी सांगितले तर करून देतात. मासवडीला वेळ लागतो, म्हणून सकाळीच फोन करून ठेवावे.

मुक्कामाच्या बाबतीत मात्र आमची गैरसोय झाली. फोनवर तळमजल्याची खोली कबूल केलेली असताना प्रत्यक्षात दुसऱ्या मजल्यावरची मिळाली आणि लिफ्ट नव्हती. सकाळी गड चढून आलेल्या आईला त्या दोन जिन्यांनी जास्त थकवले. खोली ठरवताना मजला, लिफ्ट आणि स्वच्छतागृहाचा प्रकार या तीन गोष्टी संदेशात लिहून घ्याव्यात, तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

चार वाजता लेण्याद्रीला पोहोचलो. अष्टविनायकांपैकी डोंगरावर आणि लेण्यात असलेला हा एकच गणपती. तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, पायथ्याशी पुरातत्त्व खात्याचे तिकीट काढावे लागते आणि ज्यांना चढणे शक्य नाही त्यांच्यासाठी डोलीची सोय आहे. सासूबाई डोलीत बसायला आधी तयार नव्हत्या. माणसांच्या खांद्यावर बसून देवाला जाणे त्यांच्या मनाला पटेना. डोलीवाल्या काकांनीच त्यांना सांगितले, ‘आजी, तुम्ही बसला नाही तर आमचा आजचा रोज कसा निघणार?’ तेव्हा त्या बसल्या. दर आधी ठरवून घ्यावा आणि जाऊन-येऊन दोन्हींचा ठरवावा. पायऱ्यांवर माकडे पुष्कळ आहेत. हातात पिशवी, खाऊ, नारळ काही ठेवू नये. प्रसादसुद्धा बंद पाठपिशवीत न्यावा.

गिरिजात्मजाचे दर्शन झाल्यावर बहुतेक लोक लगेच उतरतात. तसे करू नये. ज्या दालनात आपण उभे असतो ते मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार आहे. पन्नास फुटांहून लांब असलेल्या त्या दालनात एकही खांब नाही आणि तिन्ही बाजूंना भिक्षूंच्या कोरीव खोल्या आहेत. शेजारच्या सहाव्या क्रमांकाच्या लेण्यात स्तूप असलेले चैत्यगृह आहे, खांबांच्या माथ्यावर प्राणी कोरलेले आहेत. संध्याकाळचा तिरपा उजेड दगडावर होता, तेव्हा मुलगा स्तूपाभोवती फिरत होता आणि आई एका खोलीच्या दगडी ओट्यावर हात ठेवून गप्प उभी होती. जुन्नरच्या परिसरातल्या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक लेणी खोदलेली आहेत; ज्यांना हा विषय आवडतो त्यांनी तुळजा लेण्यांतले बारा खांबांचे वर्तुळाकार चैत्यगृहही पाहावे, आम्हाला तेवढा वेळ नव्हता.

अंधार पडायच्या आत मुक्कामी परतलो आणि हे सर्वांनीच करावे. हा बिबट्यांचा मुलूख आहे. उसाची तोड सुरू झाली की त्यांचा आसरा मोडतो आणि ते बाहेर पडतात. संध्याकाळनंतर लहान मुलांना शेताच्या कडेला एकटे सोडू नये, रात्री शतपावलीसाठी गावाबाहेर जाऊ नये. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र पाहायला जाण्याचा बेत काही जण आखतात, परंतु ते जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी आहे, प्राणिसंग्रहालय नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाणेघाट. या सहलीत एकच ठिकाण निवडा असे कोणी म्हटले तर मी हेच निवडेन. जुन्नरहून घाटघरकडे जाणारा रस्ता चावंड किल्ल्याच्या बाजूने जातो, वाटेत पूर गावी कुकडी नदीच्या उगमाजवळ कुकडेश्वराचे जुने कोरीव मंदिर आहे, तिथे पंधरा मिनिटे थांबावे. शेवटच्या टप्प्यात खाण्यापिण्याची सोय भरवशाची नाही आणि मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून डबा, पाणी आणि गाडीत पुरेसे इंधन घेऊनच निघावे. गाडी थेट पठारावर जाते. ज्यांना चालता येत नाही त्यांनाही गाडीतून उतरल्यावर समोर जीवधनचा कडा, बाजूचा वानरलिंगी सुळका आणि खाली पसरलेले कोकण दिसते. पावसाळ्यात वाऱ्याच्या झोताने उलटे उडणारे धबधबे पाहायला इथे गर्दी उसळते. आम्ही गेलो तेव्हा पठारावर आमच्याशिवाय दोनच गाड्या होत्या.

खिंडीच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. सोपारा आणि कल्याणच्या बंदरांतून आलेला माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जात असे, आणि त्यावरची जकात या रांजणात टाकली जाई असे सांगतात. रांजणापासून खिंडीतून थोडे खाली उतरले की लेणे लागते. उतार दगडांचा आणि ओबडधोबड आहे. आई माझा हात धरून उतरली, सासूबाई वरच थांबल्या. पावसाळ्यात वडीलधाऱ्यांना या दगडांवर अजिबात उतरवू नये.

लेण्याच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, वय दोन हजार वर्षांहून अधिक. तिने आणि तिचा पती सातकर्णी याने केलेल्या यज्ञांची आणि त्यात दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, गावे व नाणी यांच्या दानाची ती नोंद आहे, आणि त्यात आलेले आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनांपैकी आहेत. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे कोरलेले होते. आता पुतळे नाहीत. प्रत्येकाच्या जागी फक्त पावलांच्या खुणा राहिल्या आहेत आणि वर नावे. मुलीने मोबाईलमध्ये उतरवून आणलेल्या टिपणावरून एकेक नाव वाचले : सिमुक, नागनिका, सातकर्णी. आईने त्या राणीच्या पावलांपाशी बराच वेळ पाहिले आणि विचारले, ‘हिने हे नवऱ्यामागे लिहून घेतले का गं?’ अभ्यासकांचे मत तसेच आहे, नवरा गेल्यावर मुलांच्या वतीने कारभार पाहताना तिने हा लेख कोरवला. माझे वडील गेल्यावर आईने एकटीने संसार ओढला आहे. तिने मग काही विचारले नाही, वर येईपर्यंत माझा हात मात्र सोडला नाही.

पावसाळ्यात काही मंडळी याच लेण्यात मुक्काम करतात आणि चूल पेटवतात. भिंतींवरची काजळी आम्ही पाहिली. कृपा करून तसे करू नये, अक्षरांना हातही लावू नये. टॉर्च तिरपी धरली की अक्षरे स्पष्ट उठून दिसतात, ती अवश्य न्यावी. आणि घरून निघण्यापूर्वी त्या लेखाची माहिती वाचून यावी, कारण न वाचता गेल्यास ती नुसती खरवडलेली भिंत वाटते.

परतताना ओझरला विघ्नहराचे दर्शन घेतले. वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी याचा जीर्णोद्धार केला. दीपमाळा सुंदर आहेत, पायऱ्या जवळपास नाहीत, दोन्ही विहिणींना इथे सर्वांत आराम वाटला. नंतर नारायणगावहून पूर्वेला खोडदकडे वळलो. तिथल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, आणि डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली हे काम उभे राहिले. आत जायला पूर्वपरवानगी लागते. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास ती सर्वांसाठी खुली ठेवतात, तेव्हा मुलांना जरूर न्यावे. आम्ही रस्त्यावरूनच पाहिले. तारांच्या जाळीची ती तबकडी आरपार दिसते आणि खाली द्राक्षाचा मांडव असतो, हे दृश्य मुलाने वहीत काढून घेतले.

खोडदहून दुपारी तीनच्या आत निघावे. रविवारी संध्याकाळी सहानंतर चाकणला पोहोचलात तर घरी जेवायला नऊ-दहा होतात. स्वतःची गाडी नसेल तर पुण्याहून जुन्नरला एसटी आहे. शिवाजीनगर स्थानकाच्या गाड्या सध्या वाकडेवाडीहून सुटतात, तेवढी चौकशी आदल्या दिवशी करावी. जुन्नरहून शिवनेरीच्या पायथ्यापर्यंत आणि लेण्याद्रीला रिक्षा मिळते, नाणेघाटासाठी मात्र जीप दिवसभरासाठी ठरवावी लागते आणि चालकाला तिथे दोन तास थांबायचे आहे हे आधीच सांगून ठेवावे.