दोन भोकं

पाच वर्षं सुरळीत चाललेल्या माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीला भोक पाडायचं ठरवलं, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "भरल्या घरात कसली रे तोडफोड?"

तिचं चुकत नव्हतं. पण खालच्या कपाटात संप, म्हणजे पाणी गाळायची दुसरी टाकी, बसवायचा, फेसावाटे घाण काढणारा स्किमर तिकडे हलवायचा, तर पाण्याला खाली उतरायला वाट हवी. प्लंबर म्हणाला, "साहेब, आधी रिकामी करा." कशी करणार? वाळू ढवळली की पाच वर्षांचा गाळ वर येतो. शिवाय माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू त्याच वाळूत, त्याच दगडांवर संसार मांडून बसलेत.

काच टफन, म्हणजे तापवून कडक केलेली, असली तर भोक पाडताना तिचा चुरा होतो. म्हणून रात्री दिवे मालवून टाकीमागे लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन लावला आणि पोलराइज्ड गॉगलमधून काच न्याहाळली. टफन काचेत काळपट छटा दिसतात. नव्हत्या. अकरा वाजता गॉगल घालून माशांकडे बघणारा मुलगा मात्र आईला दिसला.

पाणी ६ इंच उतरवलं, आतून काचेला जाड टेप लावली. डायमंडचं होल सॉ, बॅटरीचं ड्रिल, मंद गती. दाबायचं नाही, नुसतं टेकवून धरायचं. प्लंबर मगाने धार धरून उभा. दुधासारखं पांढरं पाणी ओघळत राहिलं आणि बऱ्याच वेळाने बिस्किटाएवढी चकती टेपला चिकटून निघाली. पुढचं टँक निपल, वॉशर, सोल्युशन, एल्बो हे सगळं प्लंबरच्या हातचा मळ.

तिसऱ्या दिवशी वीज गेली. पंप थांबला आणि संपातलं पाणी वर चढवणारा पाइप सायफन होऊन उलटा वाहू लागला. त्याचं तोंड टाकीत ४ इंच बुडालेलं. ३ फूट बाय दीड फुटाच्या टाकीत इंचभर पाणी म्हणजे साडेदहा लिटर. संपात जागा २५ लिटरची. उरलेला समुद्र आईच्या सतरंजीखाली.

उपाय पाच मिनिटांचा निघाला: त्या पाइपला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली एक बारीक भोक. पातळी उतरली की त्यातून हवा शिरते, सायफन तुटतो. मोठ्या भोकाने आजवर थेंबभर त्रास दिलेला नाही. हे चिमुरडं मात्र शेवाळाने बुजतं, एकदा तर त्यात गोगलगाय बसली होती. दर रविवारी टूथपिक घेऊन मी ते कोरतो.

तरी वीज गेली की आई आधी फडकं घेऊन टाकीपाशी जाते. मेणबत्ती नंतर.