चुनखडी, भट्टी आणि नारिंगी उजेड

जुन्या बांधकामांतला चुना तपासणे हे आज माझे काम आहे. त्याचे मूळ आपल्या शाळेतल्या रसायनशास्त्राच्या तासांत आहे, हे या स्मरणिकेत मला आवर्जून नोंदवायचे आहे. बाईंनी शिकवलेले चक्र अजून तोंडपाठ आहे. चुनखडी 900 अंश सेल्सिअसच्या आसपास भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, कळीचा चुना उरतो. पाणी घातले की तो विरतो. आणि विरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. सूत्र पहिल्यासारखेच! मग आगीतून गेल्याची काहीच खूण राहत नाही का, असे मी विचारले होते. ‘सूत्र सगळं सांगत नाही, स्फटिक बघायला हवा,’ असे बाई म्हणाल्या.

तो स्फटिक पुढे कॅथोडोल्युमिनेसन्सच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला मिळाला. दगडाचा पातळ काप निर्वातात ठेवून त्यावर इलेक्ट्रॉनचा झोत सोडतात. पुष्कळ कॅल्साइटमध्ये, म्हणजे चुनखडीतल्या कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकांत, कॅल्शियमच्या काही जागी मँगॅनीजचे आयन बसलेले असतात. झोताची ऊर्जा घेऊन ते नारिंगी-तांबूस प्रकाश देतात. हा प्रकाश तापलेल्या वस्तूचा नव्हे. दगड तापून लाल होण्याची इथे गरजच नसते. भट्टीत मात्र ती मूळ स्फटिकरचना पार मोडते. चुना घट्ट होताना बनणारे नवे कॅल्साइट अतिसूक्ष्म असते आणि बहुधा मंद, तपकिरी दिसते.

अशा मंद पार्श्वभूमीवर मधूनच एखादा नारिंगी कण झळकतो, तेव्हा मला अजूनही हरखायला होते. तो बहुधा भट्टीत कच्चा राहिलेला चुनखडीचा तुकडा असतो. कालमापनात त्याला फार महत्त्व आहे. चुना घट्ट होताना त्या काळच्या हवेतला कार्बन-14 घेतो. त्याचा अर्धायुष्यकाल 5730 वर्षे, म्हणजे तेवढ्या काळात तो निम्माच उरतो; जितका कमी उरला, तितका नमुना जुना. लाखो वर्षे जुन्या चुनखडीत तो उरलेलाच नसतो. असे कण नमुन्यात मिसळले, तर भिंत आहे त्याहून जुनी ठरते.

पण लोहाचे आयन हा प्रकाश दडपतात. म्हणजे कधीच न भाजलेली लोहयुक्त चुनखडीही झोताखाली काळसर राहू शकते. जर्नलमध्ये निरीक्षण आणि अनुमान यांची सरमिसळ झाली की बाई अख्खे पान पुन्हा लिहायला लावत. ‘कण मंद दिसतो’ हे निरीक्षण, ‘कण भाजलेला आहे’ हे अनुमान. लोहाचे प्रमाण तपासल्याखेरीज मी दुसरे वाक्य अहवालात लिहीत नाही.